रात्रशाळेचा मास्तर

आपल्या प्रत्येक फलकावर पहिला शब्द 'शिका' हा असतो. तो पोरांसाठी आहे असं आपण धरून चालतो. ज्याचं वय उलटून गेलं त्या माणसाला आपण सभेला नेतो, मोर्चात पुढं घालतो, बॅनरची काठी त्याच्या हातात देतो. त्या बॅनरवर काय लिहिलंय ते त्याला वाचता येतं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

पोरांच्या शाळेचा इतिहास लिहिला गेलाय. कुठल्या साली कुठं शाळा निघाली, कुणी जागा दिली, कुणी शेण फेकलं, सगळं छापून आलंय. थोरांच्या शाळेचा इतिहास मात्र विखुरलेला. चरित्रातली एखादी ओळ, संस्थेच्या यादीतलं एखादं नाव. तो गोळा करायला बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. थोर माणसाला शिकवणारा मास्तर नुसता मास्तर राहूच शकत नाही. त्याला कारकून व्हावं लागतं, जामीन राहावं लागतं, साहेबाशी भांडावं लागतं, कधी विद्यार्थ्याची जागा राखून वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. ही कामं कुठल्याच अभ्यासक्रमात नाहीत. पण तीच झाली नाहीत तर थोर माणूस दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंगखात्यात तीन पाळ्या करणारा माणूस आहे. शाळा नववीत सुटली. पुढचं सगळं झोप मोडून वाचलेलं. तेव्हा माझ्याकडं पांडित्य शोधू नका. जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच सांगतो.

सुरुवात पुण्यापासून. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली हे आपल्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यानंतर सात वर्षांनी, १८५५ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरात रात्रीची शाळा सुरू केली. शेतकऱ्यांसाठी, मजुरांसाठी. दिवसभर शाळा बघून, लोकांच्या शिव्या ऐकून दमलेलं ते जोडपं. दिवा लावून पुन्हा शिकवायला बसायचं. आणि समोर कोण? दिवसभर राबून पेंगुळलेली, हाताला घट्टे पडलेली माणसं. थोरांच्या मास्तराचं पहिलं काम इथंच दिसतं. त्याला आपली रात्र द्यावी लागते.

त्याच १८५५ साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. त्यात एक जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो आणि नवराबायकोला लुबाडतो. शेवटी ते जोडपं काय करतं? जोश्याच्या उरावर बसत नाही, नशिबाला बोल लावत नाही. फुल्यांच्या रात्रशाळेत जायचं ठरवतं. नवरा आणि बायको, दोघंही. दक्षिणा प्राइज कमिटीनं हे नाटक नाकारलं. ते छापून यायला १९७९ साल उजाडलं. सव्वाशे वर्षं एक नाटक कागदात दाबून ठेवलं गेलं, कारण त्यात थोर माणसं शाळेत जातात.

या नाटकातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पोरगं शाळेत येतं ते बापानं घातलं म्हणून. थोर माणूस येतो तो कुठंतरी फसवला गेला म्हणून. त्याला अक्षर हवं असतं ते स्वतःला वाचवायला. सावकाराच्या कागदावर काय आहे, तलाठ्यानं काय खरडलंय, मुकादमानं किती खाडे लावलेत, हे त्याला कळून घ्यायचं असतं. म्हणून त्याच्यापुढं 'कमळ' आणि 'बदक' ठेवलं की तो उठून जातो. आणि आपण म्हणतो, म्हाताऱ्यांना शिकायचंच नाही.

१८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शाळेचा मास्तर कसा असावा हेही त्यांनी सांगितलं. तो शेतकरी जातीतून आलेला असावा, प्रशिक्षण घेतलेला असावा, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात घ्यायला लाजणारा नसावा, खालच्या थरातल्या लोकांत सहज मिसळणारा असावा. पोरांच्या मास्तराबद्दलच हे म्हणणं. थोरांच्या मास्तराला तर ते दुपटीनं लागू आहे. ज्याला समोरच्याच्या घामाचा वास सहन होत नाही, त्यानं हातात खडू धरू नये.

आता मुंबईत या. गिरण्यांच्या मुंबईत.

शिकायला आधी वेळ लागतो, आणि कामगाराचा वेळ मालकाच्या खिशात होता. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सत्यशोधक साथी. त्यांच्या लढ्यामुळं १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तोवर आठवड्याचा एक दिवससुद्धा माणसाचा स्वतःचा नव्हता. १९११ च्या कायद्यानं कापडगिरणीतल्या पुरुषाचे तास बारावर आणले. १९२२ ला अकरा झाले, १९३४ ला दहा. बारा तास साच्यावर उभं राहायचं, मग चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आळीपाळीनं झोपायचं, आणि त्यातून अक्षर गिरवायचं!

तरी माणसं गिरवत होती. १९११ सालीच ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग काढली. लीगनं गिरणभागात रात्रीच्या शाळा आणि वाचनालयं चालवली. तिथं येणाऱ्या माणसाला काय हवं होतं? गावाकडून आलेलं पत्र स्वतः वाचायचं होतं. मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली दोन ओळी लिहायला जागा असायची, ती स्वतःच्या हातानं भरायची होती. बायकोचं दुखणं परक्या माणसाच्या तोंडून ऐकणं म्हंजे काय, ते ज्यानं सोसलंय त्यालाच ठाऊक. मजकूर वाचणाऱ्याला आपल्या घरातलं सगळं कळतं. कोण आजारी, कुठली जमीन गहाण, कुणाची सून माहेरी गेली. म्हणून पत्र वाचून दाखवणाऱ्या मास्तराचं दुसरं काम तोंड बंद ठेवायचं. आणि तिसरं काम, आपण वाचून दाखवायची गरज जितक्या लवकर संपेल तितकी संपवायची.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या खात्यात एक मामा आहेत, पन्नाशी ओलांडलेले. हल्ली प्रॉव्हिडंट फंड मोबाइलवर बघायचा असतो. मामा मोबाइल माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, 'बघ रं पोरा, किती जमा झालं.' एक दिवस मी म्हणालो, 'मामा, आकडा तुम्ही वाचा, मी नुसतं बोट दाखवतो.' ते रागावले. चार दिवस बोलले नाहीत. मग स्वतःच आले. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं, असे तीन महिने लागले. पुढं एका महिन्याला आमच्या खात्यातल्या कुणाचेच पैसे भरले गेले नव्हते. ते सगळ्यांत आधी कुणी ओळखलं? मामांनी. आम्ही सात जण ऑफिसात गेलो. मामा पुढं. पैसे भरले गेले. त्या दिवशी मामांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, 'मास्तर, साखर जास्त घालू का?' मला आजवर कुणी मास्तर म्हटलं नव्हतं.

पण मोठी गोष्ट पुढंच आहे. आपण बाबासाहेबांचं नाव घेतो तेव्हा दिव्याखाली वाचणारा लहान भीमराव डोळ्यापुढं आणतो. बाबासाहेब प्रौढ विद्यार्थीही होते, हे आपण कधी बोलतो का?

१९१७ सालचं बघा. वय सव्वीस. लग्न झालेलं, घरी रमाई आणि संसार. लंडनचं शिक्षण अर्ध्यावर असताना बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि परत यावं लागलं. इथं शंभरातले नव्व्याण्णव जण कायमचे सुटतात. आपल्या वस्तीत बघा, 'अर्ध्यावर सुटलं' हे वाक्य किती घरांत ऐकू येतं. तिथं एका मास्तरानं काम केलं. प्राध्यापक एडविन कॅनन. त्यांच्या शिफारशीवरून लंडन विद्यापीठानं परवानगी दिली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढं चालू करता येईल. जागा राखून ठेवली गेली. कागद एकच, पण त्या कागदाचा अर्थ होता, 'तुम्ही परत याल हे आम्ही धरून चाललोय.'

मधली वर्षं सोपी नव्हती. बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही, नोकरी सोडावी लागली. १९१८ ते १९२० मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पै पै साठवली. नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेतलं, शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० साली एकोणतिसाव्या वर्षी बाबासाहेब पुन्हा विद्यार्थी म्हणून लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले. प्रबंधाचं पुस्तक झालं, 'रुपयाचा प्रश्न'. त्याला प्रस्तावना कॅनन यांचीच. आणि त्या प्रस्तावनेत कॅनन काय करतात? या लेखकाचं बरंचसं म्हणणं मला पटत नाही, असं साफ लिहितात. तरीही त्यातल्या विचारांचा ताजेपणा मान्य करतात आणि खाली आपलं नाव घालतात.

दोस्तांनो, हे नीट बघा. आपला समाज जातीत आणि गुरूच्या पायात अडकलेला. इथं गुरू म्हंजे अंगठा मागणारा, एकलव्याचा. शिष्यानं आपलंच म्हणणं पुन्हा म्हणावं अशी आपल्या पुढाऱ्यांचीही इच्छा. थोराला शिकवणाऱ्याला हे चालत नाही. समोर बसलेला माणूस जग बघून आलेला असतो. त्याचं मत वेगळं असणारच. त्याला आपल्या मताचा करणं हे मास्तराचं काम नाही. त्याचं मत त्याच्या पायावर उभं राहील इतकं पक्कं करून घेणं, आणि मग न पटताही त्याच्या बाजूला उभं राहणं, हे खरं काम.

आता एक बाई. जाईबाई चौधरी, नागपूरच्या. जन्म १८९२. लहानपणीच लग्न झालं. पोटासाठी हमाली करायच्या, डोक्यावर ओझी वाहायच्या. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईच्या नजरेला त्या पडल्या. तिनं त्यांना शिकवलं आणि शाळेत शिक्षिका म्हणून घेतलं, महिना चार रुपयांवर. मग जे व्हायचं तेच झालं. अस्पृश्य बाई शिकवते हे कळल्यावर सवर्णांनी शाळेवर बहिष्कार घातला. नोकरी गेली. पण अक्षर गेलं नाही. १९२२ साली जाईबाईंनी नागपुरात स्वतः मुलींची शाळा काढली, चोखामेळ्याच्या नावानं. ओझं वाहणाऱ्या शेकडो बायका रस्त्यानं जात होत्या. त्यातल्या एकीकडं कुणीतरी थांबून बघितलं. थांबून बघणं हेही मास्तराचंच काम.

आणि आता जरा लांब जाऊ, अमेरिकेत. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. त्यांच्या आपल्या दुःखाचं नातं तेव्हाच बांधलं गेलं. पण त्यांच्या रात्रशाळा आपण वाचल्या नाहीत.

साउथ कॅरोलायना राज्यात जॉन्स आयलंड नावाचं बेट आहे. तिथल्या काळ्या माणसांना मतदार व्हायचं तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे. गुलामीत ज्यांच्या आज्याला अक्षर शिकण्याची बंदी, त्यांच्यासाठी ही अट. इसॉ जेंकिन्स नावाचा माणूस बस चालवायचा, बेटावरच्या लोकांना चार्ल्स्टन शहरात कामावर न्यायचा. अ‍ॅलिस वाइन नावाची बाई त्याला म्हणाली, मला वाचायला शिकव, मला मत द्यायचंय. आणि बसमध्ये शाळा सुरू झाली. ड्रायव्हर मास्तर.

पुढं सेप्टिमा क्लार्क या काळ्या शिक्षिकेनं ते काम वाढवलं. काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेचं सभासदत्व सोडायला नकार दिला म्हणून १९५६ साली सरकारी शाळेतली त्यांची नोकरी गेली होती. जानेवारी १९५७ मध्ये बेटावरच्या सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग भरला. पुढं दुकान, मागं शाळा, म्हंजे गोऱ्यांना संशय येऊ नये. शिकवायला कोण? बर्निस रॉबिन्सन. ती शिक्षिका नव्हती. बायकांचे केस करणारी, कपडे शिवणारी बाई. तिची निवड मुद्दाम केली होती. एक तर ती शाळामास्तरणीसारखी खेकसणार नाही. दुसरं, तिची गिऱ्हाइकं सगळी काळी, त्यामुळं कुठला गोरा साहेब तिची नोकरी काढून घेणार? तिनं पहिल्याच दिवशी लोकांना सांगितलं की मी शिक्षिका नाही, आपण मिळून शिकू. मग विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला स्वतःचं नाव लिहायचं होतं, कुणाला बायबल वाचायचं होतं, कुणाला मनिऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. त्यातूनच पाठ तयार झाले. शेवटी राज्यघटना. बघा, परळच्या चाळीतला कामगार आणि त्या बेटावरचा काळा माणूस, दोघांना मनिऑर्डरच लिहायची होती!

या वर्गांना त्यांनी नाव दिलं नागरिकत्वाच्या शाळा. १९६१ पासून मार्टिन ल्यूथर किंगच्या संघटनेनं त्या चालवल्या आणि दक्षिणेतल्या राज्यांत त्या पसरल्या. आपण भाषणं वाचली किंगची. त्या भाषणामागं मतदारयादीत नाव घालणारी जी माणसं उभी होती, त्यांना अक्षर देणाऱ्या या बाया मात्र आपल्याला ठाऊक नाहीत.

बाबासाहेबांना हे सगळं स्वतःच्या जिवावरून ठाऊक होतं. १९४६ साल घ्या. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरखातं त्यांच्याकडं होतं. त्या साली कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला अठ्ठेचाळीसवर आणणारा कायदा झाला. आणि त्याच वर्षी २० जूनला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज मुंबईत सुरू झालं. वर्ग सकाळी, म्हंजे नोकरी करणाऱ्याला शिकता यावं. १९४७ ला सिद्धार्थ नाइट हायस्कूल. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या प्रकरणांत वाचतो. मी कामगार आहे, मला त्या एकच दिसतात. एका हातानं वेळ सोडवून घेतला, दुसऱ्या हातानं त्या वेळेत वर्ग उघडला. वेळ न देता 'शिका' म्हणणं ही थट्टा आहे, हे त्यांनी कायद्यात लिहून ठेवलं.

आणि आज? सरकारच्या योजना आल्या. १९७८ साली राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ साली साक्षरता मिशन, पुढं आणखी नवी नावं. काही ठिकाणी खरंच काम झालं, बऱ्याच ठिकाणी सही आली की माणूस साक्षर धरला गेला. २०१७ साली महाराष्ट्र सरकारनं रात्रशाळांचा नवा निर्णय काढला आणि दिवसा एका शाळेत व रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या दुबार शिक्षकांना रात्रशाळेतून कमी केलं. कागदावर ते ठीक दिसतं, एका माणसाला एकच नोकरी. पण रात्रीच्या मास्तरानं वर्षानुवर्षं जोडलेली माणसं कागदावर कुठं दिसतात? कोण कुठल्या हॉटेलात राबतो, कुणाचा मालक सोडत नाही, कुणाला अर्धा तास उशीर होणार, हे त्याच्याच डोक्यात असतं. दुसऱ्या बाजूला ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. तिथं सुनेनं सासूला शिकवलं. सुनेपुढं पाटी धरणारी सासू! हे ज्या घरात झालं तिथं अक्षरापेक्षा बरंच काही बदललं असणार.

आता आपल्याबद्दल, म्हंजे कार्यकर्त्यांबद्दल. थोडं कडू बोलतो.

आपल्या वस्तीत जातीचा दाखला, रेशनकार्ड, पेन्शन यांचे फॉर्म कोण भरतं? आपण भरतो. चांगलं काम आहे. पण वीस वर्षं तोच कार्यकर्ता त्याच म्हातारीचा फॉर्म भरतोय, आणि ती वीस वर्षं त्याला 'साहेब' म्हणतेय, तर हे काय झालं? तो अक्षराचा सावकार झाला. व्याज पैशात घेत नाही, मतात घेतो, गर्दीत घेतो. निवडणूक आली की ती म्हातारी त्याच्या खात्यावर जमा असते. भटाच्या हातातली पोथी काढून आपण आपल्या हातात धरली, म्हातारीच्या हातात दिलीच नाही. जोतीरावांच्या नाटकातलं जोडपं रात्रशाळेकडं निघालं होतं. ते आपल्या ऑफिसच्या बाकावर येऊन बसलंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. फॉर्म भरताना पेन तिच्या हातात द्या. दहा मिनिटांच्या जागी तास लागेल, लागू द्या. वयानं मोठ्या माणसाला शिकवताना 'अरे-तुरे' करू नका. ज्याला जन्मभर साहेबापासून पोलिसापर्यंत सगळ्यांनी एकेरीत हाक मारली, त्याला 'अहो काका, वाचा' म्हटलं तर आवाज फुटतो. खुर्ची घेऊन समोर बसू नका, सतरंजीवर शेजारी बसा. आधी विचारा, काय वाचायचंय. खाडा झाला तर रागावू नका, घरी जाऊन बघा कोण आजारी आहे. आणि जो अर्ध्यावर सुटला त्याची जागा राखून ठेवा. चार वर्षांनी आला तरी 'या' म्हणा.

हे करणारी माणसं आपल्या प्रत्येक वस्तीत होऊन गेली. कुणी विहाराच्या ओट्यावर शिकवलं, कुणी खानावळीत, कुणी रस्त्यावरच्या दिव्याखाली. त्यांचे पुतळे नाहीत, आणि त्यांना ते नकोही असतील. पण नाव तरी कागदावर यावं. तुमच्या वस्तीतल्या अशा एका मास्तराची, मास्तरणीची माहिती काढा. कुठल्या साली, कुठल्या खोलीत, किती जणांना शिकवलं, आणि त्यांतले कोण पुढं दुसऱ्याला शिकवू लागले. ज्यांना त्यांनी शिकवलं त्यांच्याकडूनच लिहून घ्या, त्यांच्या हातानं, असेल त्या अक्षरात. शुद्धलेखन तपासू नका. तसंच पाठवा, आपण स्टेन्सिल कापू.

जय भीम.